सातबाऱ्याआधीची वहिवाट

शेतकऱ्याचं आणि दगडाचं वैर जुनं. वावरात नांगर घातला की दगड वर येणार, बायामाणसं ते वेचून बांधावर टाकणार, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेवढेच वर येणार. आमच्या प्रवरेच्या थडीला तर गोट्यांना तोटाच नाही. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, आणि त्याच्याखाली गोट्यांचा थर. तो चुनखडीनं असा घट्ट धरलेला, की पहार मारली तर हाताला झिणझिण्या येतात. विहीर खोदणारे त्या थराला शिव्या घालतात.

त्या थरातले काही दगड मात्र माणसानं घडवलेले आहेत.

नेवासं म्हटलं की लोकांना माउली आठवतात, पैसाचा खांब आठवतो. ज्ञानेश्वरी इथं सांगितली गेली, त्याला सव्वासातशे वर्षं होऊन गेली. एवढं जुनं म्हणजे लई झालं, असं आपल्याला वाटतं. पण 1954 ते 56 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. आणि नदीच्या दरडीत, गोट्यांच्या थरांत, त्यांना सापडली दगडी हत्यारं. ती शेतीच्याही कितीतरी आधीची. पुढं 1966 ते 69 मध्ये गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन विदुषींनी नेवाशाजवळच्या चिरकी नाल्यात खोदकाम केलं. तिथं हातकुऱ्हाडी, फरश्या, तोडहत्यारं अशी ढिगानं निघाली. या थराचं वय शास्त्रज्ञांनी साडेतीन लाख वर्षांहून जास्त काढलंय.

साडेतीन लाख! आपण आजोबा-पणजोबापर्यंत मोजतो, मग दमतो.

आता दगड माणसानं फोडला की नदीनं, हे कसं ओळखायचं? ज्यानं पाट्याला टाकी लावताना बघितलंय, त्याला हे समजायला अवघड नाही. वाहत्या पाण्यात दगड घासून गोल होतो. आपटला तर एखादा टवका उडतो, तोही कुठूनही. पण दोन्ही अंगांनी, कडेकडेनं, एकापाठोपाठ टवके उडवून धार आणणं पाण्याला जमत नाही. त्याला हात लागतो, आणि हाताच्या आधी डोक्यात आकार लागतो. हातकुऱ्हाड बदामासारखी असते, एका बाजूनं टोकदार, दुसरीकडून मुठीत बसेल अशी. फरशीला टोक नसतं, आडवी सरळ धार असते. दगडही कुठलाही उचललेला नाही. पोकळ, भुसभुशीत सोडून घट्ट काळा कातळ निवडलेला. वरच्या थरात मग हत्यारं लहान होत जातात. ती गारगोटीच्या जातीच्या गुळगुळीत दगडाची, कातडं खरवडायला, लाकूड तासायला. नेवाशाच्या या तऱ्हेला संशोधकांनी ‘नेवासियन’ असं नावच दिलं. आमच्या गावाचं नाव जगातल्या पुस्तकांत आहे ते असं.

एवढ्या जुन्या माणसाची हाडं आपल्या मुलखात सापडत नाहीत. नर्मदेकाठी हथनोऱ्याला 1982 साली एक जुनी कवटी मिळाली. हाडं मातीला मिळाली, कातडं, लाकूड कुजून गेलं. दगड तेवढा राहिला. म्हणून इथं माणूस होता याची साक्ष द्यायला दगडाशिवाय दुसरं कोणी नाही.

तीन वर्षांपूर्वी हा विषय आमच्या घरात आला. आमच्या गटाची खालची कड दरडीला लागून आहे. पुतण्या म्हणाला, “तात्या, रस्त्याचा ठेकेदार ब्रासवर पैसे द्यायला तयार हाय. जेसीबी त्याचाच. जमीन सपाट होती, ठिबक टाकता येतंय. दगडं ठिवून काय खायचीत का?”

त्याचं काही चुकीचं नव्हतं. कांद्याचा भाव पडलेला, सोसायटीचं कर्ज थकलेलं, आणि वाटण्या होऊन जमीन राहिली केवढीशी. मी त्याला म्हणलं, “बाबा, वहिवाटीचा वाद झाला की तलाठी काय बघतो? कोण कुठं होतं, कवापासून होतं. पंचनाम्याच्या आधीच माल उचलला, तर केस उभी राहती का? हा दगड त्या थरात आहे तोवर पुरावा. ट्रॅक्टरमध्ये पडला की खडी.”

तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी वरचा तुकडा सपाट करायचा आणि दरडीलगतचे आठ-दहा गुंठे तसेच ठेवायचे, असं ठरलं. त्या गुंठ्यांत काही पिकत नाही. घरातली माणसं दर हंगामाला तेवढा कांदा कमी झाल्याचा हिशेब मला ऐकवतात, आणि तो बरोबरच असतो.

खालच्या अंगाच्या शेजाऱ्याची दरड मात्र दोन दिवसांत गेली. त्याची अडचण आमच्याहून मोठी होती, पोरीचं लग्न होतं. तो मुरूम आता रस्त्याखाली आहे. त्यात काय काय गेलं, कोण सांगणार?

कुणाच्या वावरात, ओढ्यात असा दगड दिसला, तर माझं सांगणं एवढंच. घरी आणून देव्हाऱ्यात किंवा टीव्हीवर मांडू नका. आहे तिथंच त्याचा फोटो काढा, कोणत्या थरात आहे ते लिहून ठेवा, आणि पुरातत्त्व खात्याला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. मोबाईल आता सगळ्यांकडं आहे, याला पैसा लागत नाही.

औंदाच्या पुरानं आमची दरड आणखी हातभर ढासळली. पुतण्यानंच फोन करून सांगितलं, “तात्या, दोन-तीन दगडं उघडी पडलीत, धारवाली वाटत्यात. मी हात लावला नाही.” जेसीबी थांबवता आला, नदी कोण थांबवणार? ती दरड नदीत जायच्या आत कोणी जाणत्यानं येऊन वाचून जावी. बांधावर चहाची सोय आम्ही करू.