ठेक्याचं घर : १५२०, सेजविक अव्हेन्यू

न्यूयॉर्क म्हटलं की स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आठवतो ना? आज आपण तिकडे न जाता उत्तरेकडच्या ब्रॉन्क्स भागात जाऊ या. मॅनहॅटनमध्ये जमिनीखालून धावणारी चार नंबरची गाडी ब्रॉन्क्समध्ये उंच पुलावर चढते. यांकी स्टेडियम मागे टाकून पुढे उतरायचं आणि हार्लेम नदीच्या दिशेने चालत सुटायचं. मोटारींच्या हमरस्त्याजवळ एक उंच इमारत दिसते. अगदी साधी, आपल्याकडच्या एखाद्या वसाहतीत शोभेल अशी! पण हिपहॉप संगीताचं जन्मस्थान म्हणून ती जगभर प्रसिद्ध आहे.

तारीख होती ११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. पैसे आणायचे कुठून? तिने इमारतीतल्या सभागृहात पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या वाजवायला तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. हे कुटुंब मूळचं जमैकाचं.

हर्कचं निरीक्षण मोठं पक्कं. गायक थांबतो आणि नुसते ड्रम घुमतात, तेव्हा लोक बेभान नाचतात! पण तो तुकडा काही सेकंदांतच संपायचा. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन प्लेअरवर लावायला सुरुवात केली. एकीवरचा तुकडा संपला की लगेच दुसरीवरचा सुरू. तेवढ्यात पहिलीची सुई मागे! ठेका लांबवावा तेवढा लांबतो.

पुढे हे काम सॅम्पलर नावाचं यंत्र करू लागलं. १९८७ साली आलेल्या 'एसपी-१२००' या यंत्रात फक्त १० सेकंदांचा आवाज मावायचा. मग पोरांनी शक्कल लढवली. मिनिटाला ३३ फेरे घेणारी तबकडी ४५ च्या वेगाने वाजवून आवाज भरायचा आणि नंतर यंत्रात तो संथ करायचा. झालं! १० सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंदांचं संगीत! तुकडा मात्र अचूक कापावा लागतो. शेवट जरासा चुकला, तरी पुन्हा सुरुवातीला येताना ठेका अडखळतो.

आता जरा विचार करा. मूळ ड्रम वाजवणाऱ्याचं काय? 'द विन्स्टन्स' या बँडच्या ग्रेगरी कोलमनने १९६९ साली वाजवलेला सहा-सात सेकंदांचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. त्याला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. २००६ साली तो गेला. आपल्या लतादीदींनी 'ज्योती' चित्रपटासाठी गायलेल्या गाण्याचा तुकडाही २००२ मध्ये एका अमेरिकन गाण्यात विनापरवानगी वापरला गेला. संगीतकार बप्पी लाहिरी थेट तिथल्या कोर्टात गेले!

जुन्यातून नवं घडवणं ही कलाच आहे. पण ज्याचं घेतलं, त्याला विचारायला हवं आणि त्याचं नावही सांगायला हवं.

आजोबांच्या कपाटात जुनी तबकडी असेल, तर त्यांना विचारून लावा. गाणारे थांबले की कान टवकारा. तिथे ढोलकी कोण वाजवतंय? तबकडीच्या कव्हरवर त्याचं नाव सापडतं का, तेही बघा!