काळ्या बदामाचा सुतार



एकदा वर्गात सहज विचारून बघा, "सुतार पक्षी कोणी कोणी पाहिलाय?" भराभर हात वर होतील. मग विचारा, "कसा दिसतो?" बरीच मुलं डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला, लांब वाकडी चोच मातीत खुपसत चालणारा पक्षी सांगतील. तो हुदहुद. गावाकडे त्यालाच सर्रास सुतार म्हणतात, त्यामुळे मुलांचा दोष नाही. खरा सुतार बहुधा खोडाला उभा चिकटलेला सापडतो. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि शेपटीची ताठ पिसं खोडाला टेकवून केलेला तिसरा पाय. खांबावर चढणारा वायरमन आठवा, तशी त्याची बैठक असते.

आपल्या भाषेतली पक्ष्यांची नावं मला फार आवडतात. सुतार, शिंपी, तांबट, सुगरण. अख्खं गाव त्यात आहे. पण मुलांचा घोळ इथेच होतो. उन्हाळ्यात भर दुपारी जो "टुक, टुक, टुक" असा एकसुरी आवाज येतो तो तांबटाचा, आणि तो गळ्यातून येतो. सुताराची टकटक चोचीच्या घावाची असते. एक आवाज, दुसरा आघात. हा फरक मुलांच्या कानाला एकदा कळला की ती तो विसरत नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीतल्या एका मुलीने मला थेट विचारलं, "सर, सुतार पक्षी झाड मारतो ना?" तिच्या आजोबांची अलिबागच्या बाजूला नारळाची वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्या पट्ट्यातल्या वाड्या अक्षरशः झोपल्या. आजोबांच्या एका माडाचा शेंडा उडाला आणि नुसतं खोड उभं राहिलं. त्या खोडाला आता भोकं पडलीत, सुतार येतो, आणि आजोबा म्हणतात, यानेच माड खाल्ला, खोड पाडायचं. मुलीला ते पटत नव्हतं, पण आजोबांशी बोलायला तिच्याकडे काही नव्हतं. मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, आधी आपण सुतार नीट बघू, मग बोलू.

सोनपाठी सुतार पनवेलमध्येही दिसतो. जुन्या पर्जन्यवृक्षांवर, माडांवर त्याची खिदळल्यासारखी हाक ऐकू येते. तिला तो मी शाळेच्या वाटेवरच दाखवला. पण तिने पुस्तकात एक वेगळाच सुतार पाहिला होता, आणि तिला तोच हवा होता. इंग्रजीत त्याला 'हार्ट-स्पॉटेड वुडपेकर' म्हणतात. पांढरट पंखांवर काळे ठिपके, अगदी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे. "काळा बदाम म्हणजे इस्पिकच की सर, दांडी नसलेला," असं ती म्हणाली, आणि आमच्यापुरतं त्याचं नाव ठरलं: काळ्या बदामाचा सुतार.

हा पक्षी दुर्मीळ म्हणावा असा नाही. पश्चिम घाटात आणि मध्य भारतातल्या जंगलांत तो आहे, ईशान्येत आहे, पुढे आग्नेय आशियातही आहे. पनवेलकरांना तर तो दाराशी आहे, कर्नाळ्याला. तरी तो दिसत नाही, कारण सुताराकडून आपण जी अपेक्षा ठेवतो ती तो पाळत नाही. चिमणीहून जरासा मोठा, जेमतेम पंधरा-सोळा सेंटिमीटर. शेपूट इतकी आखूड की मागून कोणी कापून टाकल्यासारखी. जाड खोडावर फारसा येत नाही. झाडाच्या शेंड्याकडच्या बोटाएवढ्या वाळक्या फांद्या ठोकतो, आणि एका फांदीवर थांबणं त्याच्या स्वभावात नाही. लोक खालची खोडं बघत फिरतात आणि हा डोक्यावरून निघून जातो.

कर्नाळा आपण सगळे किल्ल्याच्या सुळक्यामुळे ओळखतो, तो आकाशात रोवलेला अंगठा. त्याच्या पायथ्याचं जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य झालं, तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरही नव्हतं. २००३ मध्ये वाढवून १२.११ चौरस किलोमीटर केलं. एवढ्याशा जंगलाला चिकटून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पनवेलहून पेण-अलिबागच्या बाजूची एसटी धरली की ती अभयारण्याच्या दारावरून जाते. आम्ही मात्र मुलीच्या वडिलांच्या रिक्षाने गेलो. ते रिक्षा चालवतात, रविवारी सकाळचा धंदा बुडतो, तरी ते तीनदा आले. पहिल्यांदा ते दाराशीच थांबले होते, "तुम्ही या जाऊन" म्हणाले. तिसऱ्या वेळी सगळ्यात पुढे तेच चालत होते.

डिसेंबरची पहिली फेरी कोरडी गेली. म्हणजे बदामवाला दिसला नाही, बाकी पुष्कळ दिसलं. मोरटाका वाटेवर भृंगराज भेटला, शेपटीच्या दोन लांब तारा आणि टोकाला पानं लावल्यासारखी पिसं. तो दहा पक्ष्यांचे आवाज काढतो, त्यामुळे आमचे कान सारखे फसत होते. या फेरीत कळलं ते एवढंच की हिवाळ्यात छोटे पक्षी मिश्र टोळ्यांनी हिंडतात. निखार, पर्णपक्षी, भृंगराज असे सगळे मिळून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सरकतात. एकाने उडवलेला किडा दुसरा टिपतो, आणि जास्त डोळे असले की शिकारी पक्षी लवकर कळतो. बदामवाला सुतार अशाच टोळीत शिरलेला असतो. म्हणजे तो एकटा शोधायचा नाही, टोळी शोधायची आणि तिच्या शेपटाशी थांबायचं.

जानेवारीत तो ऐकू आला. दिसला तो फक्त काळा ठिपका म्हणून, आभाळापुढे. मी तेरा-चौदा फोटो काढले, सगळ्यांत एक काळी गोळी. ज्यांना मुलांना फोटोग्राफी शिकवायची आहे त्यांच्यासाठी सांगतो, कारण यात विज्ञानाचा एक पूर्ण तास आहे. पक्षी उंच, मागे पांढरं आकाश. कॅमेरा सरासरी उजेड मोजतो, आकाशाच्या झगमगाटाला घाबरून कमी प्रकाश आत घेतो, आणि पक्षी सावली होऊन जातो. अशा वेळी कॅमेऱ्यातला उजेड आपण हाताने एक घर वर न्यायचा, अधिक एक. आकाश पांढरंफटक होतं, होऊ द्यायचं. दुसरी गोष्ट वेगाची. हा प्राणी सतत हलतो, तेव्हा शटर निदान एक पाचशेअंश सेकंदाचं हवं. माझ्याकडे लेन्स न बदलणारा, लांब झूमचा साधा कॅमेरा आहे. महागडं काही लागत नाही, मान दुखेपर्यंत वर बघायची तयारी लागते.

त्याच दिवशी वाटेवर एक गृहस्थ भेटले. तोफेएवढी लेन्स, आणि हातात मोबाइल. त्यांनी मोबाइलवर त्याच सुताराची ध्वनिमुद्रित हाक लावली. पक्षी आला, म्हणजे आलाच, आमच्या अगदी जवळ, आणि फांदी बदलत, तुरा फुलवून वेड्यासारखा फिरू लागला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेरा खाली ठेवला होता. तिने विचारलं, "सर, त्याला वाटतंय की दुसरा आलाय?" हो, त्याला तेच वाटत होतं. हिवाळा सरता सरता या सुतारांचे विणीचे दिवस असतात. न आलेल्या शत्रूशी भांडायला तो खाणं सोडून धावत होता. गृहस्थांना फोटो उत्तम मिळाला असणार. मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता, पण माझं मत स्पष्ट आहे. मुलांसमोर तरी हे करू नये. एकदा बटण दाबून पक्षी येतो हे मुलाने पाहिलं, की पुन्हा तासभर गप्प उभं राहायला तो तयार होणार नाही.

फेब्रुवारीत आम्ही साडेसातला हरियाल वाटेवर होतो. पानगळ सुरू झालेली, त्यामुळे वर बघणं सोपं. पांगारा फुलला होता, त्यावर साळुंक्यांचा गोंधळ. महामार्गावरच्या ट्रकांची घरघर इथेही येते, तिच्याखालून ऐकायचा सराव करावा लागतो. टोळी आली. मुलीचे वडील हळूच म्हणाले, "सर, वाळकी फांदी, डावीकडे." तिथे काही नव्हतं. मग होतं. पांढरट पाठ, काळा तुरा, आणि पंखांवर ते काळे बदाम, एकाखाली एक. ती फांदी खालून वर फोडत गेली, साल उडवत, आणि सहा-सात सेकंद उन्हात थांबली. ती म्हणतो, कारण कपाळ पांढरट होतं. नराचं कपाळ काळं असतं. मला चार फोटो मिळाले, त्यातला एक धड. पाय फांदीमागे गेलेत, एक पान तोंडाशी आडवं आलंय. स्पर्धेला पाठवावा असा तो नाही. पण बदाम मोजता येतात, आणि मुलीने ते मोजले.

तो फोटो वर्गात फळ्याशेजारी लावला, आणि मग प्रश्नांचा पाऊस. एक प्रश्न नेहमीचा, एवढं डोकं आपटून याला दुखत कसं नाही? याचं उत्तर आजवर बऱ्याच पुस्तकांत असं असायचं की त्याच्या कवटीत स्पंजासारखं हाड असतं, ते धक्का शोषून घेतं. २०२२ साली बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या सॅम व्हॅन वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तीन जातींच्या सुतारांचं अतिवेगवान चित्रण करून हे तपासलं. त्यात उत्तरेकडच्या जंगलांतला मोठा काळा सुतारही होता. त्यांना आढळलं की कवटी धक्का शोषत नाही, ती घट्ट हातोड्यासारखीच वागते. शोषला असता तर घावच वाया गेला असता ना! गादी बांधलेल्या हातोड्याने खिळा कोण ठोकेल? मेंदू वाचतो तो मुख्यतः लहान असल्यामुळे. मुलांना सांगायला ही जास्त चांगली गोष्ट आहे, कारण पुस्तकातलं उत्तरही तपासून बघता येतं हे त्यात दिसतं.

आता आजोबा. मार्चमध्ये एका रविवारी आम्ही वाडीत गेलो. खोडावर तीन भोकं, दोन जुनी, एक ताजं. मी आजोबांना सांगितलं की सुतार हिरव्या, धडधाकट माडाचा जीव घेत नाही, तो किडलेल्या लाकडातल्या अळ्या काढतो. आणि त्याने सोडलेल्या भोकात पुढे साळुंकी, दयाळ, पिंगळा, पोपट राहतात, कारण त्यांना स्वतःला लाकूड कोरता येत नाही. मुलगी फोटो घेऊन उभी होती. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला खोडाच्या बुंध्याशी नेलं. म्हणाले, "मास्तर, पक्ष्याचं ऱ्हाऊ द्या. ह्या कुजक्यात गेंड्या भुंगा वाढतो. तो उडून माझ्या चांगल्या माडाच्या सुईत शिरतो. मग?"

वाचकहो, आजोबांचं म्हणणं खोटं नाही. गेंड्या भुंगा कुजलेल्या माडाच्या खोडात आणि शेणखतात अंडी घालतो, आणि मेलेली खोडं हटवा असाच सल्ला बागायतदाराला दिला जातो. वादळात निम्मी वाडी गेलेल्या माणसाला एक माडही मोठा असतो. मी गप्प बसलो. बोलली ती मुलगी. "आजोबा, भुंग्याच्या अळ्या खड्ड्यात जास्त की खोडात, बघूया का?" मग आजोबा, तिचे वडील आणि ती, तिघांनी मिळून शेणखताचा खड्डा उकरला. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या निघाल्या. तिने त्या मोजल्या, वहीत लिहिल्या, आणि कोंबड्यांनी त्या संपवल्या. खोडाचा बुंधा आजोबांनी कोयत्याने टोकरून पाहिला, तिथे पाच सापडल्या.

खड्डा आता दर पंधरा दिवसांनी उकरायचा असं ठरलंय. ताज्या भोकात सोनपाठी सुताराची जोडी ये-जा करतेय, ते आजोबाच मुलीला फोनवर सांगतात. खोडाचं त्यांनी अजून काही कबूल केलेलं नाही. "पावसाआधी बघू," म्हणतात.