रामाकोन्यात टेम्पुरा

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने निघालं की सौंसरनंतर आमचं रामाकोना. दुकानांच्या पाट्या हिंदीत, घरातली बोली मराठी. लहानपणी आम्ही छोट्या गाडीने यायचो. ती २०१५ मध्ये बंद झाली.

यंदा पावसाळ्यात गेलो ते मनात एक बेत ठेवून. गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून भजी बंद. पाऊस लागला की ते चौकातल्या कढईकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. टोकियोत प्रोजेक्टवर असताना मी टेम्पुरा पुष्कळ खाल्ला होता. हलका, कुरकुरीत. म्हटलं, हा बाबांना चालेल.

आईला त्यातला 'काकिआगे' समजावून सांगितला: कांदा-गाजराचे उभे काप, थोडं पीठ, गरम तेल. ती म्हणाली, "अरे, हे तं आपले कांद्याचेच भजे!"

खरंच की. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानला ही तळण्याची पद्धत दिली आणि आपल्याला मिरची. दोन्ही ताटल्या त्यांच्या ऋणात.

रात्री हिशेब मांडला आणि माझी पंचाईत झाली. टेम्पुऱ्याचं पीठ गव्हाचं, मैद्यासारखं; शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं दहा-अकरा ग्रॅम. बेसनात वीस-बावीस. तेल मात्र कुठलंही घ्या, ग्रॅमला नऊ कॅलरीच. टेम्पुऱ्याचा थर पातळ म्हणून तो हलका वाटतो, पण वांग्यासारखी भाजी तेल पितेच. सोबतचा किसलेला मुळा तेवढा मला आवडला. तो आपल्याकडेही मिळतो.

खरी गोम कढईत आहे. तळताना भाजीतली वाफ बाहेर येत असते, म्हणून तेल फारसं आत शिरत नाही. बाहेर काढल्यावर वाफ थांबते आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे तेल १७०-१८० अंशांवर हवं आणि भजी काढल्याबरोबर निथळायला हवीत. सोडा घातला की भजी फुगतात आणि जास्त तेल पितात. चौकातलं पुन्हा पुन्हा तापवून काळं झालेलं तेल तर नकोच.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. "घरच्या ताज्या तेलातली, कधीतरी दोन," ते म्हणाले.

दुपारी पाऊस आला. आईने बिनसोड्याची कांदाभजी काढली, मी कागदावर निथळत ठेवली, शेजारी मुळ्याचा कीस. बाबांनी दोन खाल्ली, अगदी हळूहळू. तिसऱ्याकडे हात नेला, तोच आईने ताटली उचलली.