मनीची सोय

सांगलीच्या पेठेत हळद-गुळाची अडत असलेल्या एका जैन कुटुंबात मागल्या वर्षी चैत्रात एक प्रश्न उभा राहिला. इंग्लंडमध्ये लेस्टरला असलेल्या लेकीचे पहिले बाळंतपण ज्येष्ठात होते. अण्णा आणि अक्का दोघांनीही जायचे ठरले. व्हिसा आला, तिकिटे निघाली, डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा बांधून झाल्या. राहिली ती मनी.

मनी या घरात पुराबरोबर आली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. पेठेतील माणसे माडीवर जाऊन बसली होती. त्या रात्री जिन्याच्या वरच्या पायरीवर एक भिजलेले पिल्लू थरथरत बसलेले अक्कांना दिसले. पूर ओसरल्यावर दिवाणजी म्हणाले, "बरे झाले, वखारीला मांजर हवेच होते. उंदीर गुळाच्या भेल्या ठेवत नाहीत." अक्कांनी त्यांना तिथल्या तिथे सांगितले, "दारी आलेल्या जिवाला मी उंदीर मारायच्या नोकरीला ठेवणार नाही." अण्णांना हे पटले. श्रावकाचारात सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत असतीपोष येतो. कमाईसाठी मांजर-कुत्री यांसारखे प्राणी पोसणे त्यात मोडते. स्वाध्यायात अनेकदा वाचलेला तो शब्द आपल्याच वखारीच्या दारात येऊन बसेल, असे मात्र त्यांना कधी वाटले नव्हते.

मनी घरात राहिली. पण तिच्या खाण्याचा प्रश्न सुटायला वर्ष गेले. सुरुवातीला दूध-भात, दही-भात. त्यावर तिला सारखे जुलाब होत. पशुवैद्यक डॉक्टरांनी समजावले की बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतच नाही. शिवाय मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते. त्याचे शरीर ते पुरेसे तयार करीत नाही. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली सिद्ध झाले, आणि हृदय दुबळे होऊन फुगते, हे १९८७ साली. निसर्गात हे द्रव्य मांसातून मिळते. दयाबुद्धीने घातलेला दही-भात मनीला हळूहळू आंधळे करू शकतो, हे ऐकून अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. शेवटी वनस्पतिजन्य पदार्थांत प्रयोगशाळेत तयार केलेले टॉरिन मिसळून केलेले परदेशी खाद्य मागवायचे ठरले. डॉक्टर त्याविषयी फारसे उत्साही नव्हते. अशा खाद्यावर लघवीत खडे होण्याचा धोका असतो, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासायची, या अटीवर त्यांनी मान्यता दिली. ती अट अक्कांनी एकदाही मोडली नाही. घरात कांदा-लसूण नव्हता, हे मनीच्या दृष्टीने फार चांगले होते. कांद्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. व्रताचा असाही लाभ होतो.

आता पासष्ट दिवस घर बंद राहणार. मनीला बरोबर नेण्याचा विचार एका संध्याकाळीच संपला. भारतातून ब्रिटनमध्ये मांजर न्यायचे तर मायक्रोचिप, मग रेबीजची लस, किमान तीस दिवसांनी रक्ताची चाचणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे. नातवंड तोवर रांगू लागले असते.

मुलगा विश्रामबागेत राहतो. त्याच्या धाकट्याला मांजराच्या केसांनी धाप लागते, म्हणून तिकडची वाट बंद होती. त्याने व्यवहारी तोड सुचवली, "दोन महिने वखारीत सोडू. पाणी दिवाणजी ठेवतील. खायचे तिचे ती बघेल." यात त्याचा दुष्टपणा नव्हता. पेठेतील दहापैकी आठ जणांनी हेच सांगितले असते. अक्कांनी विचारले, "ती काय बघेल?" मुलगा गप्प राहिला. ज्या कामासाठी सहा वर्षांपूर्वी मनीला ठेवायचे नाही असे ठरले होते, तेच काम आता तिची सोय म्हणून पुढे आले होते.

दुसरी तोड मोठ्या शहरातील पाळीव प्राण्यांच्या वसतिगृहाची. अक्का स्वतः जाऊन पाहून आल्या. जागा स्वच्छ होती, पण एकावर एक पिंजरे, आणि शेजारच्या खोलीत कुत्र्यांचे भुंकणे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध पहिला आहे आणि अन्नपाननिरोध शेवटचा. कोंडून पोटभर घालायचे की मोकळे ठेवून उपाशी मारायचे, एवढ्या दोनच वाटा असू नयेत, असे त्या परतीच्या गाडीत अण्णांना म्हणाल्या. डॉक्टरांचे मतही तेच पडले. मांजर माणसाइतकेच, पुष्कळदा त्याहूनही अधिक, जागेला धरून असते. माणूस बदलला तर ते सोसते. माणूस आणि घर दोन्ही एकदम बदलले की खाणे सोडते. तेव्हा मनीने घरातच राहावे आणि कोणीतरी दोन वेळा यावे, हे ठरले.

ते कोणीतरी म्हणजे समोरच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या घरी मांसाहार होतो, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते, आणि अक्कांच्या उंबऱ्याच्या आत काय चालते व काय चालत नाही हे बाईंना ठाऊक होते. तीस वर्षांच्या शेजारात या गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. या वेळी मात्र अक्कांनी बोलून घेतले. बाई म्हणाल्या, "अक्का, तुमच्या घरात तुमच्याच डब्यातले घालीन. शब्द देते."

अण्णांनी तयारी व्यापाऱ्याच्या पद्धतीने केली. रोजचे साठ ग्रॅम, पासष्ट दिवस, म्हणजे तीन किलो नऊशे. त्यांनी सहा किलो मागवले. लाल वहीत पहिल्या पानावर डॉक्टरांचा क्रमांक, दुसऱ्यावर रेबीज व इतर लशींच्या तारखा. पुढे रोज तीन रकाने: किती घातले, किती खाल्ले, मातीच्या ट्रेमध्ये काय आढळले. डॉक्टरांकडे काही रक्कम आगाऊ जमा ठेवली, म्हणजे बाईंना पैशासाठी कोणाची वाट पाहावी लागू नये. निघण्यापूर्वी तीन आठवडे बाई रोज येऊन मनीला स्वतःच्या हाताने घालू लागल्या. मग अण्णा-अक्का कुंभोज बाहुबलीला दोन रात्री मुक्कामाला गेले, ते दर्शनासाठी आणि मनीची परीक्षा म्हणूनही. मनी उत्तीर्ण झाली. पहिल्या रात्री तिने थोडे कमी खाल्ले, इतकेच.

लेस्टरला दिवस बरे चालले होते. नात झाली. तिथे जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम अगदीच सोपा झाला, याचे अण्णांना हसू येई. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन मंदिरात, जुन्या चर्चच्या वास्तूत एकाच छताखाली दिगंबर-श्वेतांबर दोघांनाही जागा मिळालेली पाहून ते कितीतरी वेळ उभे राहिले. वहीच्या पानांचे फोटो रोज येत होते.

एकोणिसाव्या दिवशी मधला रकाना रिकामा आला. विसाव्या दिवशीही.

कारण नंतर कळले. घर रिकामे आहे तोवर रंग काढून घ्यावा, अण्णांना आल्यावर आनंद वाटेल, असे मुलाने ठरवले होते. रंगारी आले, सामान ओढले गेले, वास भरला. मनी कपाटावर चढली ती उतरेना. बाईंनी दुसऱ्या दिवशी काम थांबवले, तिला डॉक्टरांकडे नेले. ताप नव्हता, इजा नव्हती. धास्तीने अन्न सोडले होते. डॉक्टरांनी सांगितले की मांजर, विशेषतः अंगाने भरलेले, दोन-तीन दिवसांहून अधिक उपाशी राहिले तर शरीरातील चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होऊ शकते. नेहमीचे खाद्य भिजवून, पिचकारीने घालून पाहिले. मनीने ते ओकून टाकले. आता आजारी मांजरांसाठी मिळणारी पेस्ट द्यायची. तिच्या वासाने मांजर खाते, पण ती कोंबडीच्या काळजाची असते.

बाईंचा फोन आला तेव्हा सांगलीत रात्रीचे साडेनऊ आणि लेस्टरला संध्याकाळचे पाच वाजले होते. नात अक्कांच्या मांडीवर होती. बाई म्हणाल्या, "अक्का, शब्द दिला आहे म्हणून विचारते. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरे काही करून बघू. पण डॉक्टर म्हणतात, उद्यावर टाकू नका."

अक्कांनी पाच मिनिटे मागून घेतली. अण्णा अस्वस्थ झाले. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांच्या धर्मार्थ रुग्णालयाचा दाखला त्यांनी दिला. तिथे मांसाहारी पक्ष्यांवर उपचार होतात, पण त्यांना दाखल करून घेतले जात नाही. दयेलाही कुंपण असते. मग, थोडे थांबून, ते म्हणाले, "बाईंनी विचारायलाच नको होते. दिले असते, आपल्याला कळलेही नसते."

"मग वखारीत ठेवले असते तरी काय वाईट होते?" अक्का म्हणाल्या. "तिथेही आपल्याला काही कळलेच नसते."

कृत, कारित आणि अनुमोदना हे तीन शब्द दोघांनीही लहानपणी पाठशाळेत एकत्रच पाठ केले होते. अण्णांनी उत्तर दिले नाही. त्यांना ते पटले होते असे नाही. एका जिवासाठी दुसरा जीव, हा हिशेब त्यांना तेव्हा जुळला नाही आणि अजूनही जुळलेला नाही. असा हिशेब ज्याला चटकन जुळतो, त्याने तो पुन्हा मांडून पाहावा.

अक्कांनी फोन लावला. "बाई, तिला रंगाच्या वासातून तुमच्या घरी न्या. पेस्ट द्या. आणि वहीत लिहा की अक्कांनी सांगितले म्हणून दिली. तुमच्या नावावर नको."

मनी मध्यरात्रीनंतर बोटावरची पेस्ट चाटू लागली. नऊ दिवस ती पेस्ट चालली; मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडे थोडे नेहमीचे खाद्य मिसळत तिला पूर्ववत आणले. अक्कांनी त्या संध्याकाळपासून परत येईपर्यंत दूध आणि तूप सोडले. बाळंतिणीच्या घरात तुपाचेच राज्य असते, तरी ते कोणाच्या लक्षात आले नाही. अण्णांच्या आले, पण त्यांनी विचारले नाही.

पासष्टाव्या दिवशी घर उघडले तेव्हा भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. मुलगा ओशाळून उभा होता. त्याला कोणी काही बोलले नाही. मनी बाईंच्या कडेवरून उतरली, दोघांकडे पाठ करून खाटेखाली जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथून हलली नाही. वहीचा हिशेब पुरा करताना अण्णांनी पेस्टच्या नळ्यांची रक्कम कोणत्या खाती टाकावी यावर बराच वेळ घालवला. घरखर्चात नाही, धर्मादायात तर नाहीच. अखेर ती त्यांनी स्वतःच्या नावे टाकली.

बाईंनी किल्ली परत आणून दिली. अक्कांनी ती घेतली नाही. नातीचा पहिला वाढदिवस लेस्टरला करायचा असा लेकीचा आग्रह आहे. अण्णांनी तिकिटांची चौकशी अजून केलेली नाही.