रूपमतीचा सज्जा

“बारा वर्षांनी मधुचंद्राला निघालात वाटतं!” शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, आणि मी लाजण्याऐवजी चक्क रागावले.

राग काकूंचा नव्हताच म्हणा. बारा वर्षांत आम्ही गेलो ते कुलदैवताला, लग्नकार्यांना, आणि फार तर मुलांना घेऊन कोकणात. दोघंच अशी कुठं गेलोच नाही. यंदा श्रावणात जोडून सुट्ट्या आल्या, वन्सं चार दिवस राहायला आल्या, आणि सासूबाईच म्हणाल्या, “जा गं, मी काही पळून जात नाही.” कुठं जायचं ते मीच ठरवलं. मांडू! बाजबहादूर आणि राणी रूपमतीची गोष्ट शाळेत असताना वाचली होती, तेव्हापासून ते नाव मनात घर करून बसलं होतं.

कोथरूडहून निघताना पिशवीत दशम्या आणि तिळाची चटणी होती, आणि मनात एक न सांगितलेली गोष्ट. मी शाळेत रोज दोनच तास शिकवते. ‘दिवाळीनंतर पूर्ण वेळ याल का?’ असं मोठ्या बाईंनी विचारून तीन आठवडे झाले होते. घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं. सासूबाईंचं दुपारच्या जेवणाआधीचं इन्सुलिन, मुलांची शाळेतून यायची वेळ... उत्तर ठरलेलंच होतं. मग विचारायचं कशाला?

रेल्वेनं इंदूर गाठलं. पोहे-जिलबी खाऊन धारमार्गे गाडीनं निघालो. अंतर शंभरेक किलोमीटर. धार म्हणजे पवारांची गादी, त्यामुळे परमुलखात आल्यासारखं वाटेना. घाट चढला आणि धुक्यातून मांडू दिसलं. सुलतानांनी याचं नाव ‘शादियाबाद’, म्हणजे आनंदनगरी, ठेवलं होतं. पावसाळ्यात ते अगदी पटतं. दोन तलावांच्या मध्ये सुमारे १२० मीटर लांबीचा जहाजमहाल खरोखरच नांगर टाकलेल्या जहाजासारखा दिसत होता. तो गियासुद्दीन खिलजीनं बांधला म्हणतात. त्याच्या जनानखान्यात हजारो बायका होत्या, असंही सांगतात. “एवढ्या जणींची नावं तरी लक्षात राहत असतील का हो?” मी विचारलं. आमचे हे फक्त हसले. यांचं सारं लक्ष पाट्या वाचण्याकडे!

दुसऱ्या दिवशी रूपमतीच्या सज्ज्यावर चढलो. अगदी कड्याच्या टोकाला आहे. खाली तीनशे मीटरांहून खोल निमाडचं मैदान. वाटाड्या रंगून सांगत होता, “नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय राणी अन्नाला शिवत नसे, म्हणून बाजबहादूरनं तिच्यासाठी हा सज्जा बांधला.” मला अगदी भरून आलं. तेवढ्यात हे म्हणाले, “अगं, ही मूळची सैन्याची टेहळणीची जागा. छत्र्यांचा भाग नंतरचा.”

“तुम्हाला गोष्ट कधी गोष्ट म्हणून ऐकताच येत नाही!” मी फणकारले आणि लांब जाऊन बसले. समोर नुसतं धुकं. नर्मदेचा पत्ता नाही.

वाटाड्याची गोष्ट पुढं चालूच होती. १५६१ साली अकबराचा सरदार अधमखान चालून आला. बाजबहादूर हरला, पळाला. अधमखानाच्या हाती पडण्यापेक्षा रूपमतीनं विष घेतलं. वाटाड्या इथंच थांबला. पण पुढचं मी निघण्यापूर्वी वाचलं होतं. १५७० च्या सुमारास बाजबहादूर अकबराच्याच चाकरीत शिरला.

मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला तो माझाच. रूपमतीच्या दारात अधमखान होता. माझ्या दारात कोण होतं? कुणी ‘नाही’ म्हटलंही नव्हतं, आणि मी मुकाट्यानं घोट गिळून बसले होते.

मी उठून यांच्याजवळ गेले आणि एका दमात सगळं सांगितलं.

बराच वेळ हे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तीन आठवडे? मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं.”

“कदाचित म्हणालोही असतो,” हे प्रामाणिकपणे म्हणाले. “पण विचारायचं तरी!” थोड्या वेळानं म्हणाले, “मुलांना तासभर पाळणाघरात ठेवता येईल. आईला इंजेक्शन स्वतः घ्यायला शिकवू. डॉक्टरांनी मागेच सुचवलं होतं, आपणच मनावर घेतलं नाही.”

नर्मदा शेवटपर्यंत दिसली नाही. उतरताना रस्त्याकडेला गोरखचिंचेची फळं विकायला होती, ती घेतली. तिचा आंबट गर पाण्यात कोळून, गूळ आणि जिरेपूड घालून छान सरबत होतं.

गणपती झाल्यावर सासूबाई डॉक्टरांकडे जाऊन शिकून आल्या. घरी पहिल्या दिवशी त्यांचा हात थरथरला. मी पुढं झाले, तर म्हणाल्या, “थांब, तू शाळेत आहेस असं समज.” दिवाळीनंतर मी पूर्ण वेळ शाळेत जाणार आहे.

मैत्रिणींनो, मांडूला जरूर जा, पावसाळ्यातच जा. नदी दिसली तर उत्तमच. नाही दिसली, तर कठड्यापाशी बसून मनातलं बोलून मात्र या.