खरखरीसकट

ब्रूस स्प्रिंगस्टीनचा बाप गालिच्याच्या गिरणीत राबलेला. पोरानं १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीत, घरातच, चार ट्रॅकच्या कॅसेट-मशीनवर गाणी भरली. बहुतेक गिटार, माउथऑर्गन नि गळा, एवढंच. पुढं स्टुडिओत बँडसंगं वाजवून बघितली, तर गाण्यातला जीवच गेला. मग तीच कॅसेट, खरखरीसकट, सप्टेंबरात 'नेब्रास्का' म्हणून बाहेर काढली. दौरा नाही, भपका नाही. तरी 'व्हिलेज व्हॉइस'च्या त्या सालच्या कौलात समीक्षकांनी तिला तिसरी जागा दिली.

आमच्या कवितेला मात्र पांढरपेशे समीक्षक 'कच्ची' म्हणतात. घासूनपुसून आणा, असा निरोप धाडतात. मी सूतगिरणीत रातपाळी करून लिहितो, मित्रांनो. चात्यांची घरघर काढून टाकली, तर त्या ओळीत माझं उरतं काय?