शेव एक, रस्से दोन

बारडोलीचे नाव निघाले की मराठी माणसाला १९२८ चा सत्याग्रह आठवतो. शेतसाऱ्याच्या वाढीविरुद्ध येथील शेतकरी उभा राहिला आणि वल्लभभाई ‘सरदार’ झाले, हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. परंतु गावात संसार थाटून राहणाऱ्याला गावाची खरी ओळख इतिहासापेक्षा जेवणाच्या ताटातून होते, असा आमचा अनुभव आहे.

उधना-जळगाव लोहमार्गाने पूर्वेकडे निघावे, तर बारडोली, व्यारा, सोनगड मागे पडून नवापूरला राज्याची सीमा लागते. त्या स्थानकाचा काही भाग गुजरातेत, तर काही महाराष्ट्रात. १ मे १९६० पर्यंत हा सारा मुलूख एकाच मुंबई राज्यात होता. नकाशावर सीमा एका दिवसात बदलते. जिभेवरची मात्र पिढ्यान् पिढ्या तशीच राहते. याच मार्गाच्या त्या टोकाला, खानदेशात, शेवभाजी होते ती भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि काळा मसाला यांच्या झणझणीत रश्श्यात. या टोकाला तीच शेव टोमॅटोच्या रसात पडते आणि सोबत गुळाचा खडाही येतो. गुजराती घरात तिला ‘सेव टमेटानुं शाक’ म्हणतात.

आमच्या सासूबाई गेल्या वर्षी अमळनेरचे घर बंद करून आमच्याकडे आल्या. सासरे गेल्यावर त्यांनी तेथे एकटे राहू नये, अशी सर्वांचीच इच्छा होती. येथे त्यांना उणे काही नव्हते. पण पानावरून त्या अर्धपोटी उठत. विचारले तर म्हणत, “या वयात भूक ती किती असणार?” दिवाळी झाली की परत जायचे, हे त्यांनी ठरवून टाकले होते.

मुलीच्या नवव्या वाढदिवसाला आम्ही सर्व जण प्रथमच महामार्गावरील एका काठियावाडी भोजनालयात दुपारच्या जेवणास गेलो. रविवार असल्याने बाहेरच्या खाटांवर बसून अर्धा तास वाट पाहावी लागली. सासूबाईंनी त्या वेळात दाराजवळच्या चुलीपाशी बसलेल्या बाईवरून नजर हलवली नाही. ती बाजरीचा रोटला दोन्ही तळव्यांवर थापून मोठा करीत होती. येथे ‘भाखरी’ म्हटले की गव्हाची, खरपूस आणि जाडसर अशी काही वेगळीच वस्तू पुढे येते; आपली भाकरी हवी तर ‘रोटलो’च मागावा लागतो. “हात चांगला आहे हिचा,” एवढेच सासूबाई म्हणाल्या.

ताटात सेव-टमेटा, वांग्याचा ओळो, कढी-खिचडी, लसणाची लाल चटणी, गूळ-तूप आणि ताक असा थाट होता. सासूबाईंनी पहिला घास सेव-टमेटाचा घेतला आणि वाटी हळूच दूर सारली. नातीने ती आपल्याकडे ओढली. जन्मापासून येथेच वाढलेल्या तिला ही गोडी घरची वाटते. ओळो मात्र सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतला. “वांगे नीट भाजले आहे,” त्या म्हणाल्या. खानदेशी भरिताच्या माहेरवाशिणीकडून याहून मोठी पावती कोणती?

मग त्यांनी लसणाची चटणी नातीच्या वाटीत कालवली आणि रोटल्याचा तुकडा बुडवून तिच्या तोंडासमोर धरला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. पाणी प्यायली आणि तिने पुन्हा तोंड उघडले. त्या क्षणी सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते आम्ही वर्षभरात पाहिले नव्हते. पुढे नातीने दिलेला गूळ-तुपाचा घास त्यांनीही निमूटपणे खाल्ला.

पुढच्या रविवारी सकाळीच त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. कांदा-खोबरे भाजल्याचा वास शेजारच्या गुजराती बिऱ्हाडापर्यंत पोहोचला आणि शेवभाजीची एक वाटी तेथेही गेली. नातीच्या वाटीत मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने गुळाचा लहानसा खडा टाकला. “हिच्यापुरता,” असे बजावून. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

परप्रांती आलेल्या वडीलधाऱ्यांना आपण हवे-नको विचारतो, औषध वेळेवर देतो, देवदर्शनाला नेतो. त्यांच्या हातचे खाणारे कोणी तरी असावे लागते, हे त्या भोजनालयात नातीने उघडलेल्या तोंडावरून आम्हांला उमगले. ज्या चुलीवर आयुष्यभर दहा माणसांचे रांधले, ती मागे टाकून आलेल्या बाईला आयत्या ताटाचे सुख कसे लाभणार?

दिवाळीनंतर सासूबाई ठरल्याप्रमाणे अमळनेरला गेल्या. महिन्याने परतल्या तेव्हा पिशवीत काळ्या मसाल्याची मोठी बरणी होती. शेव मात्र आणली नव्हती. “ती इथली चालेल,” त्या म्हणाल्या.